मऊपणाचं माप

(आमच्या महिला गटाने सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आटोपून कुणी धान्य निवडायला बसली असेल, कुणी गोधडी शिवत असेल. हात चालू राहू द्या, फक्त कान आमच्याकडे द्या. आजचा विषय हातांचाच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एका मैत्रिणीची मुलगी आली होती. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. रबराची बाई, तीही अर्धीच, कमरेपासून मांड्यांपर्यंत. तिच्यावर या मुली बाळंतपणाचा सराव करतात. बाळाचं डोकं कसं येतं, हात कुठे द्यायचा, फाटलं तर टाके कसे घालायचे, सगळं आधी त्या रबरावर शिकतात.

बैठकीत आमची सुईण आजी होती. आयुष्यभर तिने गावातली बाळंतपणं केली. तिने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "अगं पोरी, रबर ते रबर. बाईचं अंग असं लागतं होय हाताला?"

मुलगी म्हणाली, "आजी, बऱ्यापैकी तसंच लागतं."

"तसंच म्हणजे कसं? कुणी मोजलं?"

सगळ्या हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यात राहिला. खरंच, माणसाच्या अंगाचा मऊपणा मोजता येतो का? कोण मोजतं, कशाने मोजतं, आणि कशासाठी? आम्ही मुलीच्या बाईंना विचारलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी कशासाठी ते सांगतो, कारण ते आपल्या प्रत्येकीच्या अंगाशी जोडलेलं आहे. आमच्यातल्या एकीचं पहिलं बाळंतपण एका दवाखान्यात झालं. नाव घेत नाही. टाके घालणारे हात शिकाऊ होते आणि शेजारी अनुभवी कुणी उभं नव्हतं. टाका गरजेपेक्षा जास्त ओढला गेला. दोन महिने तिला धड खाली बसता आलं नाही. बाळाला पाजायचं तेही एका कुशीवर पडून. ती म्हणते, "त्या शिकणाऱ्या पोरीवर माझा राग नाही. तिचेच हात थरथरत होते. तिला शिकायला दुसरं काही दिलंच नव्हतं, मीच होते."

"मीच होते" हे तिचे शब्द आम्हाला विसरता येत नाहीत. प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक नर्स कधीतरी पहिला टाका घालते, पहिल्यांदा कापते. ते पहिलं कुणाच्या अंगावर व्हायचं?

याचा इतिहास चांगला नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी गावी जे. मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर होता. बाळंतपण अडलं की कधीकधी लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडतं आणि बाईची लघवी सतत गळत राहते. त्यावरची शस्त्रक्रिया त्याने 1845 ते 1849 या काळात शोधून काढली. पण ती शोधली कुणावर? गुलाम असलेल्या काळ्या बायकांवर. त्यांतल्या तिघींची नावं राहिली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर जवळपास तीस वेळा शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. त्या गुलाम होत्या, नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सिम्सचा पुतळा होता, तो 2018 साली तिथून हलवला. त्या शस्त्रक्रियेचा उपयोग पुढे कितीतरी बायकांना झाला हे खरं. पण ती शिकण्याची किंमत या बायकांनी मोजली, हेही तेवढंच खरं.

आता दुसरी गोष्ट ऐका, ही त्याच्याही आधीची. फ्रान्स देशात ऑन्जेलिक दु कुद्रे नावाची एक सुईण होती. 1759 साली तिथल्या राजाने, पंधराव्या लुईने, तिला हुकूमनामा दिला की देशभर फिर आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना बाळंतपण शिकव. शिकणाऱ्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग या बाईने काय केलं? कापड, कातडं आणि कापूस घेऊन बाईचं खालचं अंग शिवलं. त्यात जायचं-यायचं एक कापडी बाळ केलं. रंगीत पाण्यात भिजवलेले स्पंज आत ठेवले, म्हणजे योग्य वेळी पाणमोट फुटल्यासारखं आणि रक्तस्राव झाल्यासारखं दिसावं. वीस वर्षांहून जास्त काळ ती गावोगाव हिंडली आणि हजारो बायकांना तिने शिकवलं. तिची एक कापडी बाई आजही फ्रान्समधल्या रुआं गावच्या संग्रहालयात आहे.

बघा, एका ठिकाणी शिकायला जिवंत बाईचं अंग वापरलं आणि दुसऱ्या ठिकाणी एका सुईणीने सुई-दोरा घेऊन शिकण्यासाठी वेगळं अंग शिवलं. आपल्या मैत्रिणीच्या मुलीची रबराची बाई ही त्या कापडी बाईचीच नात-पणती म्हणायची.

पण सुईण आजीचा प्रश्न अजून तिथेच आहे. ते अंग हाताला खऱ्यासारखं लागतं का? ते फार टणक असेल तर शिकणारीला जोर लावायची सवय लागेल आणि तोच जोर ती उद्या खऱ्या बाईवर लावेल. फार मऊ असेल तर उलटी चूक होईल. खोट्या अंगाचा मऊपणा चुकीचा असेल, तर सराव म्हणजे चुकीचीच सवय. म्हणून मोजायला हवं.

मोजायचं कसं, ते समजायला एक गोष्ट करून पाहू. एका हाताने दुसऱ्या हाताच्या पंजाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा आणि हळूच वर ओढा. सुरुवातीला कातडी सहज वर येते. थोडं वर आली की एकदम अडते, पुढे येत नाही. असं का? सुताची सैल विण डोळ्यांसमोर आणा. ओढलं की आधी धाग्यांच्या वळ्या सरळ होतात, तोवर जोर लागत नाही. वळ्या संपल्या की मग धागाच ओढावा लागतो, तेव्हा ताण येतो. आपल्या कातडीत, मांसात, पडद्यांत असेच बारीक वळणदार धागे असतात. त्यांना कोलाजेन म्हणतात. म्हणून अंग आधी मऊ लागतं आणि मग ताठ लागतं. साध्या रबराच्या पट्टीला ही खोड अशी नसते.

ही गोष्ट नीट मोजून मांडणाऱ्यांत युआन-चेंग फंग हे एक मोठं नाव. 1919 साली चीनमध्ये जन्मले, पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात शिकवायला होते. आधी ते विमानांच्या बांधणीचा अभ्यास करत, मग जिवंत शरीराकडे वळले. सशाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा त्यांनी यंत्रात धरून ओढला आणि किती ओढल्यावर किती जोर लागतो ते टिपलं. 1967 साली त्यांनी ते छापलं. जितकं ताणावं तितका तो पडदा आणखी ताठ होत जातो, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं.

आता दुसरी खोड. ही तर आपल्याला स्वयंपाकघरातच कळलेली असते. पुरणपोळीची कणीक चांगली मुरली की हळूहळू ओढली तर हातभर ताणते. तीच झटक्याने ओढली तर तुटते. अंगाचंही तसंच आहे. किती ओढलं एवढ्यावर भागत नाही, किती वेगाने ओढलं तेही बघावं लागतं. बाळाचं डोकं सावकाश बाहेर येऊ द्यावं, एकदम नको, असं सुईण आजी का सांगायची, त्यामागे हेच आहे. अंगाला ताणायला वेळ मिळाला तर ते कमी फाटतं.

तिसरी खोड शिवणकाम करणाऱ्या बायकांना माहीत आहे. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ओढलं तर फारसं ताणत नाही, उरेब ओढलं तर ताणतं. स्नायूलाही धागा असतो. धाग्याच्या दिशेने ओढलं तर एक माप येतं आणि धाग्याला आडवं ओढलं तर दुसरं.

आणि चौथी खोड सर्वांत अवघड. जिवंत अंग आणि मेलेलं मांस यांचा मऊपणा एक नसतो. जिवंत अंगात रक्त खेळतं, ऊब असते, ओल असते. कोंबडी किंवा बोकड कापल्यावर ताजी कलेजी हाताला कशी लागते आणि संध्याकाळपर्यंत राहिलेली कशी लागते, हे मटण करणारीला विचारा. म्हणजे खाटकाकडून कलेजी आणली आणि मोजली, एवढ्याने माणसाच्या जिवंत यकृताचं माप हाती लागत नाही.

मग जिवंत माणसाचं मोजायचं तरी कसं? पोट उघडायचं काय त्यासाठी? तसं कुणी करत नाही. ज्या रोग्याचं पोट दुसऱ्या कारणाने उघडावंच लागणार आहे, त्याची आधी संमती घेऊन, शस्त्रक्रिया चालू असताना थोडा वेळ मोजून घेतात. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या संशोधकांनी हातात धरायची एक छोटी दांडी केली. तिचं टोक यकृतावर टेकवायचं, दाबायचं, किती जोर लावला आणि किती खोल गेलं हे यंत्र टिपतं. डुकराच्या अवयवांवर त्यांनी मोजलं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत माणसाच्या यकृतावरही मोजलं. 2001 साली ते काम छापून आलं. आंबा पिकला की नाही हे आपण अंगठ्याने दाबून बघतो ना, तसंच हे. फक्त अंगठ्याला आकडा सांगता येत नाही, त्या दांडीला येतो.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात दुसरी रीत काढली. एक नळी, तिच्या टोकाला साधारण एक सेंटिमीटरचं गोल तोंड. ते अवयवावर टेकवायचं आणि नळीतली हवा हळूहळू ओढून घ्यायची. मांस त्या तोंडातून थोडं आत फुगून येतं. आतला कॅमेरा ते किती फुगलं ते बघतो. कमी ओढीत जास्त फुगलं तर अंग मऊ, जास्त ओढूनही थोडंच फुगलं तर अंग घट्ट.

याच नळीने त्यांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा मऊपणा मोजला. ज्या बायकांची पिशवी काही आजारामुळे काढायची होती, त्यांच्या पिशवीचं तोंड आधी अंगात असताना मोजलं आणि पिशवी काढल्यावर तेच पुन्हा बाहेर मोजलं. 2006 साली ते छापलं. गंमत अशी की दोन्ही वेळच्या मापांत वाटलं होतं तेवढा मोठा फरक निघाला नाही. फरक निघाला तो पुन्हा पुन्हा ओढल्यावर. बाहेर काढलेलं मांस दर ओढीला सैल होत गेलं, जिवंत अंग तसं झालं नाही. म्हणजे नुसत्या अंदाजावर जाता येत नाही. एका अवयवाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. प्रत्येक ठिकाणी मोजूनच बघावं लागतं.

पुढे त्यांनी गरोदर बायकांवरही मोजलं, त्यांच्या संमतीने आणि अगदी हलक्या ओढीने. दिसलं असं की पिशवीचं तोंड शेवटच्या महिन्यात नाही, तर पहिल्या तिमाहीपासूनच मऊ व्हायला लागतं. बाळंतपणानंतर ते पुन्हा घट्ट होतं.

हे आम्ही सुईण आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग यात नवीन काय? तोंड मऊ झालं की दिवस भरत आले, हे माझी आई मला बोटाला बोट लावून शिकवायची."

खरं आहे. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा हे बोटांनीच बघतात. 1964 साली एडवर्ड बिशप नावाच्या डॉक्टरांनी कळा आणायला बाई तयार आहे का हे ठरवण्यासाठी पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत काढली. त्यातली एक गोष्ट म्हणजे पिशवीचं तोंड घट्ट आहे, मध्यम आहे की मऊ आहे. तीनच शब्द. पण आजीच्या बोटांना जे "मऊ" वाटतं ते दुसरीच्या बोटांना "मध्यम" वाटू शकतं. आजीच्या बोटांतलं शहाणपण आजीबरोबर जातं. आकडा मात्र एका गावातून दुसऱ्या गावात, एका देशातून दुसऱ्या देशात जातो. त्या आकड्यावरून रबर बनवणारा कारागीर रबर किती मऊ ठेवायचं ते ठरवू शकतो. नवीन ते एवढंच आहे, पण ते थोडं नाही.

आता तर काहीही न उघडता मोजायचीही सोय झाली आहे. कपडे वाळत घालायची दोरी घट्ट बांधलेली असली आणि एका टोकाला टिचकी मारली, तर थरथर पटकन दुसऱ्या टोकाला पोचते. दोरी सैल असली तर सावकाश पोचते. यकृताची एक तपासणी याच तत्त्वावर चालते. तिला फायब्रोस्कॅन म्हणतात. बरगड्यांवर एक छोटा धक्का देतात आणि आत गेलेली थरथर किती वेगाने पळते ते सोनोग्राफीसारख्या लहरींनी बघतात. वेग जास्त म्हणजे यकृत घट्ट. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी यकृताचा आकडा साधारण पाचच्या आसपास असतो. यकृत आजाराने आक्रसून टणक झालं की तो बारा-तेराच्या वर जातो. सुई टोचत नाहीत, कापत नाहीत.

तर आकडे मिळाले. त्यांचं पुढे काय करतात? काही आकडे रबर आणि सिलिकॉनच्या अवयवांसाठी जातात. काही संगणकात जातात. संगणकात अवयव कसा करतात, हे गोधडी शिवणाऱ्या बायकांना लगेच कळेल. सगळा अवयव बारीक बारीक तुकड्यांत वाटतात. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला जोडलेला. एक तुकडा ओढला की शेजारचा ओढला जातो, मग त्याच्या शेजारचा. प्रत्येक तुकडा किती ताठ, किती मऊ, हे त्या मोजलेल्या आकड्यांवरून भरतात. शिकणाऱ्याच्या हातात खऱ्या अवजारासारखी दांडी असते. पडद्यावर त्याने अवयव दाबला की दांडी हाताला उलट रेटा देते. डोळ्याला हलतं चित्र खरं वाटायला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पुरतात. हाताला मात्र स्पर्श खरा वाटायचा तर सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशोब करावा लागतो. आपला हात डोळ्यापेक्षा किती चोखंदळ आहे बघा. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. गर्भपिशवीत दुर्बीण घालून करायच्या शस्त्रक्रियेचा सराव देणारा सिम्युलेटर त्याच झुरिक शहरात तयार झाला.

याने खरंच फरक पडतो का? 2002 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने एक चाचणी छापली. शस्त्रक्रिया शिकणारे सोळा डॉक्टर घेतले. काहींना संगणकावर सराव दिला, काहींना नेहमीसारखं शिकवलं. मग सगळ्यांनी खऱ्या रोग्यांवर दुर्बिणीतून पित्ताशय सोडवण्याचं काम केलं. सराव केलेल्यांनी ते 29 टक्के लवकर केलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. आणि त्या संगणकात खरे अवयवसुद्धा नव्हते, नुसते गोळे आणि आकार होते. डोळा आणि हात जमवायला तेवढेही पुरले. पण टाका किती ओढायचा, कुठे थांबायचं, फाटायच्या आधी अंग कसं ताठ होतं, हे गोळ्यांवर कसं शिकणार? त्यासाठी मऊपणा खरा लागतो.

या मोजमापातून आपल्याबद्दल आणखी एक गोष्ट कळली आहे, ती तर घराघरात सांगावी अशी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात 2004 साली संगणकात बाळंतपण उभं केलं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, तीच पिशवी, लघवीची पिशवी आणि आतडी खालून सावरून धरते. बाळाचं डोकं बाहेर येताना त्या झोळीतली सगळ्यात जास्त ताणली जाणारी पट्टी मूळ लांबीच्या तिप्पटीहून जास्त ताणते. आकडा 3.26 पट असा आला. मैत्रिणींनो, कुठला स्नायू एवढा ताण सहज सोसेल? बाळंतपणानंतर कुणाचं अंग बाहेर येतं, कुणाला खोकताना लघवी होते, तेव्हा घरात म्हणतात "हिची काळजी नाही, हिने ओझं उचललं." ओझं उचलायला नकोच. पण त्या अंगाने आधी काय सोसलंय त्याचा आकडा आता समोर आहे. बाळंतिणीला विसावा मिळणं ही चैन नाही.

आता परत आजीकडे येतो. मुलीने बाईंची परवानगी काढली आणि आम्ही चौघी आजीला घेऊन ती रबराची बाई बघायला गेलो. आजीने हात धुतले, पदर खोचला आणि बोटांनी चाचपून पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरी आहे की. पण ही दोन-तीन लेकरं झालेली बाई आहे. पहिलटकरणीचं असं नसतं. आणि चाळिशीच्या बाईचं तर आणखी वेगळं."

शिकवणाऱ्या बाई आधी हसल्या, मग वहीत लिहून घेतलं. आजीने बरोबर नेमकी जागा दाखवली होती. एका मापाची रबराची बाई म्हणजे एकच बाई. माणसागणिक, वयागणिक, खेपेगणिक अंग बदलतं. म्हणून मोजणाऱ्यांना अनेक बायकांची मापं लागतात, नाहीतर ज्यांची मापं घेतली नाहीत त्यांच्या अंगावर पुन्हा पहिली चूक होणार.

म्हणून कधी कुणी आपल्याला विचारलं, की ताई, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तपासणीच्या वेळी आम्ही अभ्यासासाठी एक माप घेऊ का, तर घाबरून नाही म्हणू नका आणि न समजता होही म्हणू नका. विचारा: काय मोजणार? किती वेळ लागेल? मला इजा होईल का? माझं नाव कुठे जाईल का? नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काही फरक पडेल का? फरक पडता कामा नये. हा आपला हक्क आहे. कागदावर अंगठा किंवा सही ही समजून झाल्यावरची गोष्ट. अनार्काला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलंच पाहिजे.

आणि बाळंतपणाला जाताना सोबतच्या बाईने एवढं विचारावं: टाके कोण घालणार आहे? शिकाऊ असेल तर शेजारी अनुभवी कुणी उभं राहील ना? भूल देऊन घालणार ना? हे विचारणं उद्धटपणा नाही. शिकणारीलाही त्याने आधारच मिळतो.

घरी आल्यावर टाक्यांची जागा दिवसेंदिवस जास्त दुखत असेल, सुजत असेल, वास येत असेल, पू येत असेल किंवा ताप असेल, तर आशाताईंना सांगा आणि दवाखान्यात जा. आणि एक गोष्ट जी बायका जन्मभर लपवतात: बाळंतपणानंतर शौच किंवा वारा धरून ठेवता येत नसेल, तर ते नशीब नाही. फाटणं खालच्या स्नायूपर्यंत गेलं असू शकतं. त्यावर उपचार आहेत. लाज बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ते टाके नीट घालायला हात तयार व्हावेत, म्हणून तर हे सगळं मोजमाप चाललंय.

आमच्या त्या मैत्रिणीने, जिला दोन महिने बसता आलं नव्हतं, परवा हे भाषण लिहिताना सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या सुनेच्या वेळी त्या मुलीने आधी रबरावर शंभर टाके घातलेले असू देत. एवढंच."

आमचंही मागणं एवढंच आहे. आमच्या अंगाचं खरं माप घ्या, विचारून घ्या, आणि पहिली चूक रबरावर करा.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. तुमच्या गावात सुईण आजी असतील तर त्यांच्या बोटांना काय काय कळायचं ते त्यांना विचारून ठेवा, आणि आम्हाला लिहून किंवा फोन करून सांगा. नमस्कार.